सातवी आणि आठवीच्या मध्ये उभा

मी फळा बोलतोय, चिमथुंगा गावच्या शाळेतला. भिंतीवरचा नव्हे हं. भिंतीवरच्या फळ्यांचा थाट वेगळा, त्यांची एक बाजू जन्मभर आराम करते. मी खोलीच्या मधोमध उभा असतो. माझ्या खिडकीकडच्या अंगाला आठवी बसते, दाराकडच्या अंगाला सातवी, आणि दोन्हीकडे शिकवायला एकच बाई, लुहांगा मॅडम.

मूळचा मी तंबाखू वाळवायच्या कोठीचा दरवाजा. कोठी पडली तेव्हा झगांबो सुतारानं मला सरपणातून ओढून काढलं. शाळेत आठ वर्ग, शिक्षक चार आणि फळे त्याहून कमी. दरवाजाला दोन अंगं असतात, एकालाच काळं केलं तर दुसरं फुकट जाईल, असा त्याचा सरळ हिशेब. पोरांनी गावभरच्या रेडिओंचे संपलेले सेल गोळा केले, आतली काळी भुकटी रताळ्याच्या पाल्याच्या रसात कालवली आणि मला फासली. माणसाच्या तोंडाला काळं फासलं तर त्याला गाव सोडावं लागतं, मला मात्र त्यानंच गाव मिळालं. अजूनही दर सत्राच्या सुरुवातीला मुलं मला असंच रंगवतात.

मॅडम एका खडूचे तीन तुकडे करतात. तुकडा बोटात मावेनासा झाला की बोरूच्या नळीत खोचून लिहितात. वर्गाचं नाव, तारीख, असलं काही माझ्यावर लिहीत नाहीत, तेवढ्या खडूत एक गणित होतं. सातवीला कामाला लावायचं, वळसा घालून आठवीकडे जायचं, तिथं समजावून परत यायचं. दिवसभरात माझ्याभोवती त्यांच्या इतक्या फेऱ्या होतात की जमिनीत पायवाट पडली आहे. त्यांना खुर्चीवर बसलेलं मी पाहिलेलं नाही. खरं सांगायचं तर खुर्ची आहे, पण तिच्यावर सातवीची तीन पुस्तकं असतात. सत्तेचाळीस मुलांत तीन.

गेल्या साली शिक्षण कचेरीतून पत्र आलं. एका शिक्षकाला दोन मोठे वर्ग झेपत नाहीत, तेव्हा आठवी बंद करून मुलांना नदीपलीकडच्या शाळेत का पाठवू नये, हे बघायला काचाली साहेब येणार होते. ती शाळा अकरा किलोमीटरवर. सातवीतल्या टिवोंगेच्या आजीनं तर मॅडमना तोंडावर सांगितलं, "पोरीला मी नदी ओलांडू देणार नाही. आठवी गेली तर तिची शाळा संपली." टिवोंगे तेव्हा माझ्याशेजारी उभी होती. ती माझ्या कडेचा रंग नखानं खरवडत राहिली. मला फार वाईट वाटलं.

साहेब यायच्या दिवशीही रोजच्यासारखंच सुरू होतं. खोली झाडायची म्हणून मला अंगणात आणलं. तिथंच मॅडमनी माझ्या दोन्ही अंगांवर गणितं लिहिली. तेवढ्यात मोटारसायकल आली, तीही ठरल्या वेळेच्या तासभर आधी. एकच धावपळ उडाली. चौघांनी मला उचलून आत नेलं आणि घाईघाईत उलटा उभा केला. आठवीसमोर सातवीची गणितं, सातवीसमोर आठवीची.

मला कळत होतं, पण मी काय करणार? फळ्यावर जे लिहिलंय तेवढंच फळा बोलतो. मॅडम दारात साहेबांना शाळेची पटसंख्या सांगत होत्या. मुलं खाली माना घालून कामाला लागली, कुणाच्या काही लक्षातच आलं नाही.

दहा मिनिटांत गणितं संपली आणि आठवीच्या पाट्या पालथ्या पडल्या. साहेब हसले.

"मॅडम, माझ्यासाठी सोपी गणितं काढलीत वाटतं?"

मॅडमनी येऊन माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. गप्प बसल्या असत्या तरी चाललं असतं, आठवी हुशार ठरली असती. पण त्या म्हणाल्या, "साहेब, फळा उलटा लागलाय. ही सातवीची गणितं आहेत."

"मग सातवी काय करतेय?"

साहेब वळसा घालून पलीकडे गेले, त्याच पायवाटेनं. पुढच्याच रांगेत टिवोंगे होती. आठवीच्या पाच गणितांपैकी चार तिनं बरोबर सोडवली होती. आजूबाजूच्या बऱ्याच जणांची दोन-तीन झाली होती.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"मॅडमनी," टिवोंगे म्हणाली. मग माझ्या पलीकडच्या आठवीकडे बोट दाखवून म्हणाली, "आम्हाला नाही, त्यांना. आम्हाला नुसतं ऐकू येतं."

"आणि पाचवं?"

"ते शिकवलं त्या दिवशी आजीनं मला गिरणीत पाठवलं होतं."

साहेबांनी तिची पाटी पुन्हा एकदा तपासली. मग त्यांनी आठवीलाही त्यांची खरी गणितं दिली आणि बाकावर बसून शेवटपर्यंत तपासली. आठवीची मुलंही पास झाली, सगळी नव्हे, पण पुष्कळ.

जाताना ते म्हणाले, "मॅडम, दुसरा शिक्षक माझ्याकडे नाही. असता तर आज मागं बसवूनच आणला असता. पण आठवी इथंच राहील, मी तसं लिहितो."

टिवोंगेनं गुडघे टेकले आणि हातांची ओंजळ करून हळूहळू टाळी वाजवली. आमच्याकडे आभार असेच मानतात. मग दोन्ही वर्गांतून तसाच आवाज आला, आणि मॅडमनी माझ्या चौकटीला पाठ टेकून डोळे पुसले. त्यांच्या पाठीचा भार मला जाणवत होता. त्या दिवसाचे उपकार मी कुणाकुणाचे मानू?

यंदा टिवोंगे खिडकीकडे बसते. माझ्या मधल्या फळीला चीर गेली आहे, त्यामुळे भागाकार जरा तिरके येतात. तक्रार काहीच नाही. एवढ्या पोरांचं शिक्षण माझ्या अंगाखांद्यावरून गेलं, आणखी काय हवं?

पण कचेरीत कुणी माझं ऐकत असेल तर एक मागणं आहे. मॅडमना जोडीला एक शिक्षक द्या. मग मला उचला, भिंतीला लावा, माझं एक अंग कायमचं अंधारात गेलं तरी चालेल. मॅडमना एकदा खुर्चीत बसलेलं बघायचं आहे.