टेकडीच्या घराची रिकामी चौकट

मित्रांनो, मी एक जुनी सायक्लोस्टाइल मशीन आहे आणि स्वभावानं पक्की काळजीखोर आहे. तुम्ही खालच्या शाळेतून खडू आणि तक्ते न्यायला या अडगळीच्या खोलीत येता, माझ्यावरच्या चादरीवर वह्या ठेवता आणि एकमेकांना विचारता की याच्याखाली आहे तरी काय. याच्याखाली मी आहे. आज जरा थांबा. आज मला बोललंच पाहिजे, कारण सकाळपासून माझा जीव टांगणीला लागला आहे.

माझा जन्म कारखान्यातला. एका कारागिरानं माझा ड्रम बसवला, दांडा शंभर वेळा फिरवून पाहिला आणि शेजारच्याला सांगितलं की ही कुरकुर करणार, पण काम करणार. मग मला भुशाच्या पेटीत घातलं. पेटी उघडली ती इथे, सिस्टरांच्या मुख्य मठात. तेव्हा मी काळीभोर, चकचकीत होते. पहिल्याच दिवशी मी एका सिस्टरांच्या पांढऱ्या बाहीवर शाई उडवली आणि आता आपल्याला परत पाठवतात की काय, म्हणून घाबरून गेले. त्या फक्त हसल्या. त्यांच्या बोटांची शाई पुढे जन्मभर गेली नाही, म्हणून सगळ्या त्यांना शाईच्या सिस्टर म्हणू लागल्या.

मी काम कसं करायची, ते सांगते. मेणाच्या कागदावर टाइप केलं की अक्षरांपुरतं मेण निघून जायचं. त्या कागदाला म्हणायचे स्टेन्सिल. तो माझ्या ड्रमभोवती गुंडाळायचा आणि दांडा फिरवायचा. जिथे अक्षर, तिथूनच शाई बाहेर. खरं काय, खोटं काय, ते मला कळत नाही. जे कोरून दिलं ते मी छापते, आणि याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटत आली आहे.

या सिस्टर एकाच संघातल्या, पण चौदा देशांत पांगलेल्या. कुठे त्यांची शाळा, कुठे दवाखाना, कुठे म्हाताऱ्या माणसांचं घर. सगळी मिळून एकतीस घरं. त्यांना त्यांनी आपल्या बोलण्यातली साधी नावं दिली होती. नदीचं घर, बंदराचं घर, टेकडीचं घर. दर महिन्याला प्रत्येक घरातून एक पान इथे यायचं. कुणी आजारी, कुणी नव्यानं आलेली, छप्पर गळतंय, प्रार्थनेत आमची आठवण ठेवा, असलं सगळं त्यात असे. टेकडीच्या घराच्या पानात तर कोंबड्यांची बातमी ठरलेली. शाईच्या सिस्टर ही पानं टाइप करायच्या, पुढे मदरचं, म्हणजे संघाच्या प्रमुखांचं, चिंतन जोडायच्या आणि मी दोनशे चाळीस पत्रं छापायची. घरोघरी माझी वाट बघत. मदर एकदा म्हणाल्या होत्या की आपला संघ या दांड्यावर चालतो. ते ऐकून मी आठवडाभर एकही कागद अडकवला नाही.

आता नीट ऐका, कारण सगळी गोष्ट या एका रिवाजावर उभी आहे. पत्रात प्रत्येक घराला एक चौकट असायची. एखाद्या घराकडून पान आलं नाही, तर त्याचं नाव लिहून खालची चौकट तशीच रिकामी सोडायची. तिथे फूल काढायचं नाही, दुसऱ्याचा मजकूर सरकवायचा नाही. संघ सुरू करणाऱ्या पहिल्या मदरनी हा नियम घालून दिला होता, आणि त्याचं उरलेलं अर्धं असं होतं, की रिकामी चौकट दिसली की त्या घराच्या सगळ्यात जवळच्या घरानं कुणाचीही परवानगी न विचारता तीन दिवसांच्या आत तिकडे जाऊन यायचं.

टेकडीच्या घरात तिघी राहायच्या. दवाखाना चालवणाऱ्या थोरल्या सिस्टर, स्वयंपाक सांभाळणाऱ्या एक सिस्टर, आणि शाईच्या सिस्टरांची सख्खी धाकटी बहीण. हो, दोघी बहिणी एकाच संघात आल्या होत्या. घरी त्यांची आई एकटीच, हृदयानं अधू. तिला दर महिन्याला आमचं पत्र जायचं. शेजारीण ते वाचून दाखवायची आणि आई धाकटीच्या कोंबड्यांना हसायची.

एका वर्षी टेकडीच्या बाजूला गोळीबार सुरू झाला. पुढच्या महिन्यात तिकडून पान आलं नाही. शाईच्या सिस्टर रोज तीनदा टपालाची पेटी बघून यायच्या. जेवायला बसल्या तरी कान फाटकाकडे. पोस्टाचा नेहमीचाच गोंधळ असेल, असं त्या दहा जणींना सांगायच्या, आणि दहाव्या वेळी त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला. पत्र निघायचा दिवस उजाडला. स्टेन्सिलवर टेकडीची चौकट आखलेली होती, आणि ती रिकामी होती. ती आईसमोर जाणार होती.

दुपारच्या मौनाची वेळ होती. खोलीत त्या आणि मी, दोघीच. त्यांनी स्टेन्सिलचा कागद पुन्हा टाइपरायटरवर चढवला. मग त्यांनी टाइप केलं. आम्ही तिघी खुशाल आहोत. दवाखाना सुरू आहे. कोंबड्या पुन्हा अंडी घालू लागल्या आहेत.

पुढच्या महिन्यात खरं पान येईल आणि कुणाला काही कळणारही नाही, अशी त्यांची समजूत होती. त्यांनी कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं, मित्रांनो. त्यांना फक्त ते पांढरं पाहवलं नाही. त्यांनी दांडा फिरवला आणि मी दोनशे चाळीस वेळा त्या कोंबड्या छापल्या. त्या दिवशी मी मुद्दाम अडकले असते तर बरं झालं असतं, पण मला मुद्दाम काही करता येत नाही.

त्या रविवारी जेवताना मदरनी पत्र वाचून दाखवलं. कोंबड्यांपाशी सगळ्या हसल्या, एकीनं तर टाळ्या वाजवल्या. शाईच्या सिस्टरांनी ताट अर्धवट सोडलं, हे मला भांडी घासणाऱ्या बाईंच्या बोलण्यातून कळलं.

सतरा दिवसांनी नदीच्या घरून पोस्टकार्ड आलं. टेकडीला सगळ्यात जवळचं घर ते, गाडीनं एका दिवसाचा रस्ता. तिथे एक ड्रायव्हर सिस्टर होत्या, गाडी पुसण्यापासून चाक बदलण्यापर्यंत सगळं स्वतः करणाऱ्या. कार्ड त्यांचंच होतं. शाईच्या सिस्टरांनी ते माझ्याशेजारी उभं राहून वाचलं. "गोळीबाराचं ऐकून गाडीत औषधं, डबे, पेट्रोल सगळं भरून ठेवलं होतं. चौकट रिकामी दिसली की निघायचं ठरलं होतं. तुमचं पत्र आलं, कोंबड्यांची बातमी वाचली आणि जीव भांड्यात पडला. गाडी रिकामी केली."

शाईच्या सिस्टरांनी माझा दांडा धरला. इतक्यात चिंतनाचा कागद घेऊन मदर आत आल्या.

"मदर, टेकडीवरून पान आलंच नव्हतं," शाईच्या सिस्टर म्हणाल्या. "ते मी लिहिलं."

मदरनी विचारलं, "कोंबड्यासुद्धा?"

"कोंबड्यासुद्धा."

मदर रागावल्या नाहीत. ते जास्त वाईट होतं. त्यांनी कागद माझ्यावर ठेवला आणि त्या तडक तारघरात गेल्या. नदीच्या घराला तार गेली, टेकडीची चौकट रिकामी आहे, निघा.

पुढचे नऊ दिवस कसे काढले, ते विचारू नका. शाईच्या सिस्टरांनी मला तीनदा पुसलं, माझे सगळे स्क्रू काढून पुन्हा बसवले. एक स्क्रू उरला, तो कुठला, ते शेवटपर्यंत सापडलं नाही. पेटीपर्यंत जायचं मात्र त्यांनी सोडून दिलं. टपाल दुसरं कुणी आणे, आणि त्या आणणारीच्या चेहऱ्याकडे बघत राहत.

दहाव्या दिवशी पान आलं. धाकटीचं अक्षर. मदरनी ते शाईच्या सिस्टरांच्या हातात दिलं आणि त्या शेजारी उभ्या राहिल्या.

नदीच्या सिस्टर पोचल्या, आम्ही दोघी त्यांच्याबरोबर सुखरूप बाहेर आलो, असं पहिल्या ओळीत होतं. दोघी. थोरल्या सिस्टरांना साखरेचा आजार होता. रोजच्या इंजेक्शनाचं औषध संपलं, गोळीबारामुळे बस आणि टपाल बंद, खाली उतरायची सोय नाही. गाडी पोचायच्या चार दिवस आधी त्या गेल्या. धाकटीनं पुढे लिहिलं होतं, "त्यांनी खाट खिडकीशी ओढून घ्यायला लावली होती. रोज म्हणायच्या, आपलं पान गेलेलं नाही, म्हणजे चौकट रिकामी गेली असणार. नदीवाल्या निघाल्याच असतील, चहाचं पाणी ठेवा. कोंबड्या आम्ही केव्हाच खाल्ल्या होत्या."

शाईच्या सिस्टर खाली बसल्या. त्या मोठ्यानं रडल्या. मौनाची वेळ होती, तरी कुणी त्यांना गप्प केलं नाही. मदरनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, पण तुझी चूक नाही, असं त्या म्हणाल्या नाहीत. तसं त्यांना म्हणताही आलं नसतं.

ते पान शाईच्या सिस्टरांनी स्वतः टाइप केलं, एक अक्षर इकडचं तिकडे न करता. खाली मदरच्या परवानगीनं दोन ओळी घातल्या. मागच्या पत्रातलं टेकडीचं पान मी लिहिलं होतं. ते खोटं होतं. मी त्या दोन ओळीही दोनशे चाळीस वेळा छापल्या. एक प्रत त्यांच्या आईला गेली. आई ते वाचूनही जगली, पुढे अकरा वर्षं जगली. ज्या काळजापायी हे सगळं झालं, ते काळीज आम्हा सगळ्यांपेक्षा घट्ट निघालं.

काही महिन्यांनी धाकटी इथे राहायला आली. पहिला दिवस ती ताईशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती या खोलीत आली, तिनं पट्टी आणि लोखंडी टोकाची लेखणी उचलली.

"ताई, आजपासून चौकटी मी आखते," ती म्हणाली, आणि स्टूल ओढून बसली. पुढे तेवीस वर्षं दोघी शेजारी बसून काम करत राहिल्या. त्या महिन्याविषयी त्या माझ्यासमोर पुन्हा कधी बोलल्या नाहीत. आता धाकटी नाही. मागच्या मळ्याशेजारी, थोरल्या सिस्टरांच्या नावाच्या दगडाजवळ तिला ठेवलं आहे.

मग कॉम्प्युटर आला आणि माझ्यावर चादर आली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझा रबर कडक झालाय, शाई मिळत नाही, आणि कॉम्प्युटर बाहीवर काही उडवत नाही. पत्र आता क्षणात चौदा देशांत जातं. ते करणाऱ्या सिस्टर तरुण आहेत, मागच्या वर्षीच आल्या. गुणी आहेत, चटपटीत आहेत. वीज गेली की लॅपटॉप घेऊन याच खोलीत, खिडकीपाशी येऊन बसतात. म्हणून मला काल जे दिसलं ते दिसलं.

बंदराच्या घराकडून पाच आठवडे काही आलेलं नाही. तिकडे वादळ झालं होतं. फोन लागत नाही. सिग्नल नसेल, असं सगळ्या म्हणताहेत. तरुण सिस्टरांनी बंदराच्या चौकटीत एक सुंदर फूल टाकलं. जांभळं, पाकळ्यांवर दवाचे थेंब. चादरीच्या फटीतून मला ते दिसलं. मी ओरडले असते, पण माझा दांडासुद्धा आता फिरत नाही.

आज सकाळीही वीज नव्हती, तरुण सिस्टर इथेच बसल्या होत्या, तेवढ्यात काठीचा आवाज आला. शाईच्या सिस्टर आता ऐंशीच्या पुढे आहेत, डोळ्यांना फार दिसत नाही. पत्र निघण्याआधी त्या अजून दर महिन्याला येतात आणि एकेक चौकट वाचून घेतात. बंदरापाशी आल्यावर त्यांनी विचारलं, "इथे काय आहे?"

"फूल आहे, सिस्टर. पान आलं नाही ना त्यांचं."

"काढ ते."

"पण रिकामी जागा फार वाईट दिसते हो."

"दिसू दे," शाईच्या सिस्टर म्हणाल्या. स्टूल चाचपून त्या खाली बसल्या. मग म्हणाल्या, "मी एकदा भरली होती."

आणि मित्रांनो, इतक्या वर्षांनी त्यांनी ते सगळं सांगितलं, कोंबड्यांसकट, खिडकीशी ओढलेल्या खाटेसकट. तरुण सिस्टरांनी लॅपटॉप पुढे ओढला. त्यांनी फूल काढलं. पत्र गेलं. अर्ध्या तासात बंदराच्या शेजारच्या घराचं उत्तर आलं की चौकट पाहिली, दोघी निघाल्या आहेत. त्याला आता सहा तास होत आले. पुढे काही कळलेलं नाही.

मला चादर झटकून हवी आहे, स्क्रूंना थेंबभर तेल मिळालं तर नको म्हणणार नाही, पण ते राहू द्या. तुमच्या वर्गातला एखादा बाक चार दिवस रिकामा दिसला, शेजारच्या आजोबांची खिडकी सकाळी उघडली नाही, तर ते बरे असतील असं आपल्याच मनानं लिहून टाकू नका. जाऊन बघा. काही नसेल तर चहा पिऊन परत या.

आणि आता तक्ते घेऊन खाली जाल, तेव्हा ऑफिसाजवळ जरा थांबा. बंदराकडून फोन आला, तर कुणीतरी वर येऊन मला सांगाल का? इथून मला ऐकू येत नाही.