टाळीचा प्रवेश

नाटकाला जायचं म्हणून आमच्या ह्यांनी आठ दिवस आधीच सदरा काढून ठेवला होता आणि रोज मला विचारत होते, "हा बरा दिसेल ना गं?" मी म्हटलं, "अहो, तुम्ही नाटक बघायला चाललाय की लोक तुम्हाला बघायला येणार आहेत?" तर नुसते हसले. त्या हसण्यातच मला कळायला हवं होतं. पण सत्तेचाळीस वर्षं एका छपराखाली राहूनही मला माणूस ओळखता आला नाही, एवढी माझी अक्कल.

नाटक एका जुन्या सिनेमाच्या शूटिंगवर होतं. त्या सिनेमाच्या शेवटी नायिका एका लांबलचक भिंतीच्या कडेने चालत आपल्याकडे येते, आणि अगदी जवळ आल्यावर तिचा चेहरा धूसर होतो. त्या धूसर चेहऱ्यावर शहाण्यासुरत्या लोकांनी लेखांवर लेख लिहिलेत. प्रेक्षकाच्या डोळ्यातलं पाणी दिग्दर्शकाने कॅमेऱ्याच्या डोळ्यात आणलं म्हणे! डोंबलाचं पाणी. तो चेहरा आमच्या ह्यांच्या हातून धूसर झाला. हे त्या सिनेमाचे फोकस पुलर. कॅमेऱ्यापासून नटीच्या डोळ्यांपर्यंत फितीने अंतर मोजायचं, जमिनीवर खडूने खुणा करायच्या आणि ती चालू लागली की खुणेखुणेला लेन्सचं कडं फिरवायचं, हे ह्यांचं काम. शेवटच्या खुणेला ह्यांचा हात फिरलाच नाही. पुन्हा घ्यायला उजेड नव्हता, दुसऱ्या दिवशी तो सेट मोडायचा होता. झालं, चुकीची कला झाली. "जगातली सगळ्यात नावाजलेली चूक माझ्या नवऱ्याची," असं मी पाहुण्यांना सांगायचे आणि हे मान खाली घालून चहा प्यायचे.

त्याच दिवशी आमची बबडी गेली. सहा वर्षांची होती. घटसर्प. सकाळी घसा दुखतोय म्हणाली, अकरा वाजता मी तिला उचलून दवाखान्यात नेलं, आणि दुपारी तिला श्वास पुरेना. मी एका कागदावर चार ओळी खरडल्या आणि तिथल्या वॉर्डबॉयच्या हाती स्टुडिओत पाठवल्या. स्टुडिओ अर्ध्या तासावर होता. बबडी दाराकडे बघत राहिली. पाच वाजायला दहा मिनिटं होती तेव्हा गेली. हे आले सात वाजता, खडूने माखलेले हात घेऊन.

"चिठ्ठी मिळालीच नाही गं," हे म्हणाले. "फाटकावरच्या दरवानाने टोपीत खोचली आणि कुठेतरी पाडली."

मी ते खरं मानलं. का मानू नये? आठव्या दिवशी मी स्टुडिओत गेले आणि सगळ्यांसमोर त्या दरवानाच्या थोबाडीत मारली. म्हातारा नव्हता फार, पण एक पाय अधू होता, तोल जाऊन तो फाटकाला धरून उभा राहिला. "ताई, मी दिली हो चिठ्ठी," एवढंच म्हणाला. मी आणखी तोंड सोडलं. त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मालकाने त्याला त्याच दिवशी काढून टाकलं. हे दहा पावलांवर उभे होते. माझ्या कोपराला धरून मला घरी घेऊन आले आणि म्हणाले, "जाऊ दे, गेलेलं परत येतं का?" मला वाटलं, काय मोठ्या मनाचा माणूस आहे!

पुढे आम्हाला मूल झालं नाही.

तर त्या सिनेमावर नाटक लिहिणारा एक तिशीतला लेखक गेल्या वर्षी घरी यायला लागला. दर रविवारी. वागायला गोड, काकू काकू करायचा. दोघं गॅलरीत बसायचे आणि मी चहा घेऊन गेले की गप्प व्हायचे. मला वाटलं, नट्यांच्या भानगडी चघळत असतील, बाईमाणसासमोर कशाला? एकदा गॅलरीतून आत आले तेव्हा ह्यांचे डोळे लाल होते. मी विचारलं तर म्हणाले, "जुन्या आठवणी." मी आणखी दोन बिस्किटं ठेवली बशीत आणि आत गेले.

नाट्यगृह खच्चून भरलं होतं. आम्हाला तिसऱ्या रांगेत बसवलं. पडदा उघडला आणि खरं सांगते, मी हरखले. तोच कॅमेरा, तीच भिंत, जमिनीवर खडूच्या खुणा. ह्यांचं काम करणारा नट उंच, देखणा. मी ह्यांना कोपराने ढोसलं, "एवढे कधी होतात हो तुम्ही?" शेजारच्या बाई पण हसल्या.

मग दरवान आला. लंगडत, टोपी कानावर, शब्दाशब्दाला अडखळत. लोक नुसते खोखो हसत होते. तो फाटकात अडकायचा, दिग्दर्शकाला सलाम करताना टोपी पाडायचा, की पुन्हा हशा. मीही हसले. खोटं कशाला बोलू, जरा जास्तच हसले. इतक्या वर्षांनी कुणीतरी त्याला चांगला धडा शिकवतंय, असं वाटलं.

दुसऱ्या अंकात तो एक चिठ्ठी घेऊन आला. स्टेजवरच्या घड्याळात दीड वाजला होता. तो लंगडत आला, हशा पिकला, चिठ्ठी त्या देखण्या नटाच्या हातात दिली आणि गेला. नटाने वाचली. दिग्दर्शकाने विचारलं, "काय रे, काही विशेष?" नटाने चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली, लेन्सच्या कड्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "काही नाही साहेब. शॉट घ्या."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागून कुणीतरी "वा!" म्हणून ओरडलं. आणि मी, मीसुद्धा टाळ्या वाजवल्या. नाटक म्हटलं की मीठमसाला आलाच, असं मनात म्हणत चांगल्या चार-पाच वाजवल्या. मला वाटलं, लेखकाने आपल्या पदरची चिठ्ठी घातली असेल, कुणाच्या तरी आजाराबिजाराची.

टाळ्या थांबल्या. नट एकटा पुढे आला आणि चिठ्ठी काढून मोठ्याने वाचू लागला. "पोरीचा घसा बंद होत चाललाय. तुमचंच नाव घेतेय. असाल तसे या."

ते माझे शब्द होते. ती चिठ्ठी मी लिहिली तेव्हा जवळ कुणी नव्हतं आणि पुढे मी ते शब्द कधी कुणाला सांगितले नाहीत, ह्यांनाही नाही. जे कागदावर होतं ते कागद वाचणाऱ्यालाच ठाऊक असणार. मी वळून ह्यांच्याकडे पाहिलं. हे स्टेजकडे बघत होते आणि ओठ हलत होते. नटाच्या बरोबरीने ती चिठ्ठी पाठ म्हणत होते.

पुढचं नाटक मी पाहिलं नाही, म्हणजे डोळे उघडे होते एवढंच. शेवटी दिग्दर्शक धूसर चेहरा बघून म्हणतो, "हे राहू द्या, हे अश्रू आहेत," आणि पुन्हा टाळ्या. मग तो लेखक स्टेजवर आला आणि म्हणाला, तो माणूस आज आपल्यात बसलाय. हे उठले. उठताना माझ्याकडे बघितलं नाही. स्टेजवर जाऊन हात जोडून उभे राहिले आणि सगळं थिएटर उभं राहिलं. माणसं रडत होती. मी एकटी खाली बसले होते. मागचं कुणीतरी म्हणालं, "काकूंचे गुडघे दुखत असतील." शेजारच्या बाईंनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. "केवढा त्याग हो तुमचा! अशी माणसं आता मिळायची नाहीत." माझा हात काही मला सोडवता येईना.

घरी आल्यावर मी चपलासुद्धा काढल्या नाहीत. "चिठ्ठी मिळाली होती?"

"हो."

"दीड वाजता?"

"दीडच्या सुमाराला."

"मग आला का नाहीत?"

हे खुर्चीत बसले. म्हणाले, "कड्यावरच्या माझ्या खुणा दुसऱ्या कुणाला वाचता आल्या नसत्या."

हे खरं होतं. कड्यावर पांढरी पट्टी चिकटवून तिच्यावर अंतरं लिहायची असतात, पण हे कधी आकडे लिहायचे नाहीत. टिंबं, काड्या, फुल्या, सगळी स्वतःची लिपी. दुसऱ्याला वाचता आली तर आपल्याला कोण विचारणार, म्हणून. तरुणपणी मला त्याचं कौतुक वाटायचं, माझा नवरा हुशार म्हणून.

"शॉट कितीला झाला?"

"पावणेसहाला. तिरपा उजेड हवा होता."

"म्हणजे चार तास होते हातात. बसून आकड्यांत लिहून द्यायच्या होत्या. दहा मिनिटांचं काम. दुसऱ्याने फिरवलं असतं कडं."

हे म्हणाले, "लिहून दिल्या असत्या तर पुढच्या सिनेमाला मला कशाला बोलावलं असतं?"

मला वाटलं होतं काही मोठं सांगतील. घाबरलो म्हणतील, पोरीला तसं बघवलं नसतं म्हणतील. ते मी गिळलं असतं कदाचित. पण हे एवढंसं! एवढ्याशासाठी माझी पोर दाराकडे बघत गेली.

"आणि एवढं करून शेवटी चुकलातच."

"चुकलोच."

"तो दरवान? त्याला मी मारलं. त्याच्या पोटावर पाय दिला. तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं. अरे, कसला माणूस आहेस तू?" लग्न झाल्यापासून मी ह्यांना कधी अरेतुरे केलं नव्हतं.

"तेव्हा बोललो असतो तर तू राहिली असतीस माझ्याजवळ?"

"नसते राहिले."

"म्हणून नाही बोललो."

"कुठे असतो तो आता?"

"गेला. नऊ वर्षं झाली. मी गेलो होतो पोचवायला."

म्हणजे त्याच्या शेवटच्या वाटेवरही हे चार पावलं चालून आले आणि घरी येऊन माझ्या हातचं जेवले. मला माफी मागायला माणूससुद्धा ठेवला नाही. "त्या परक्या पोराला सांगवलं, आणि मला नाही?" मी विचारलं. हे म्हणाले, "तो ऐकून घेत होता." मग मात्र मी उठले आणि चपला काढल्या, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना.

त्या आठवड्यात आम्ही बोललो नाही. जेवण वाढत होते, हे जेवत होते. फोन मात्र सारखा वाजत होता. कोण कुठले लोक, नाटक पाहून आलेले, ह्यांच्याशी बोलायचं म्हणायचे. हे फोनवर "छे हो, छे हो" म्हणायचे, आणि फोन ठेवल्यावर चेहरा दोन बोटं उजळलेला असायचा. शनिवारी दुपारी पुढचा प्रयोग होता, ह्यांनी पुन्हा तोच सदरा घातला. दारात घुटमळले जरा. मी अडवलं नाही. ह्या घरात ह्यांना काय मिळणार होतं? तिथे आठशे माणसं एकदम उभी राहून माफ करतात.

संध्याकाळी सात वाजता लेखकाचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"काकू, काकांना घरी सोडायला गाडी निघालीये. आज तर कहर झाला! शॉट घ्या म्हटल्यावर टाळ्या थांबेनातच. तुम्ही का नाही आलात? काका म्हणाले, तुम्हाला आता हे सगळं बघायचं धाडस होत नाही. तुम्ही तेव्हाच त्यांना माफ केलंत, असं म्हणाले."

मी त्यावर काही बोलले नाही. त्या पोराचा काय दोष? म्हटलं, "एक विचारू का रे? स्टेजवर चिठ्ठी वाचली तेव्हापासून मी वाट बघत होते. आमची बबडी कुठे दिसली नाही."

"होती ना काकू. सुरुवातीला लिहिला होता मी प्रवेश. दवाखान्यातली खाट, मुलगी दाराकडे बघतेय. तालमीला थोडे लोक बोलावले होते, त्यांच्यासमोर करून पाहिला. पण त्यानंतर शॉट घ्या म्हटलं की कुणी टाळीच वाजवेना. सगळे नुसते बसून राहिले. काकांनाच विचारलं मी, काय करू म्हणून. ते म्हणाले, काढून टाक."

"आणि मी?"

"तुम्ही त्याच प्रवेशात होतात काकू."