तिसरी हाक

"म्हणजे बाहेरच्या बाकावर आठ जागा," ड्रायव्हरकाका डोळे बारीक करून म्हणाले. "क्लोरीनच्या गाडीत सात जण बसलेत, एक जागा रिकामी. आणि सोडियमच्या गाडीत एकच जण, तोही दाराला लोंबकळतोय. बरोबर?"

"बरोबर."

"मग तो लोंबकळणारा उडी मारून पलीकडच्या गाडीत गेला, की झालं मीठ. एवढंच ना? आणि हे सांगायला तुझ्या सरांना तास लागला!"

ती हसता हसता त्यांच्या पायाला तेल चोळत राहिली. फोनवर सरांचा तास नुकताच संपला होता. तास संपला की त्यात शिकलेलं काकांना सांगायचं, हा त्या दोघांचा रिवाज झाला होता. काकांना त्यातलं ओ की ठो कळायचं नाही, पण ऐकायचे मात्र कान देऊन, आणि शेवटी सगळा विषय बसमध्ये कोंबून तिच्या हवाली करायचे. जन्मभर बस चालवलेला माणूस. गुडघे गेले, तोल गेला, वॉकर हाती आला, पण जीभ अजून चौथ्या गिअरमध्ये होती.

दिवसभर काकांची काळजी घ्यायला त्यांच्या लेकीने तिला ठेवलं होतं. लेक सकाळी कचेरीत जायची ती दिवेलागणीला परतायची. ही मधल्या वेळात त्यांना अंघोळ घालायची, औषधं द्यायची, हात धरून न्हाणीघरात न्यायची. तिला नर्स व्हायचं होतं. वडील गेले तेव्हा शिक्षण अर्ध्यावर सुटलं होतं, आणि नर्सिंगच्या दारात उभं राहायचं तर आधी रसायनशास्त्र पास होणं भाग होतं. म्हणून आरोग्यसेवेत जाणाऱ्यांसाठीचा हा ऑनलाइन पायाभूत कोर्स तिने धरला. भावाच्या घरी एका खोलीत पाच माणसं. तिथे पुस्तक उघडायचं म्हणजे बाजारात ध्यानाला बसण्यासारखं. तिने भीत भीत लेकीला विचारलं, तर ती लगेच म्हणाली, "इथेच करा की अभ्यास. माझा जुना लॅपटॉप आहे, तो घ्या. फक्त बाबांच्या हाकेला ओ द्या म्हणजे झालं."

काकांनी त्याच दिवशी तिचं बारसं केलं: नर्सबाई. मग शेजारीपाजारी, दूधवाला, सगळेच तिला नर्सबाई म्हणू लागले. तिला ते आवडायचं. लाज वाटायची, पण आवडायचं.

अंतिम परीक्षेचा दिवस आला. परीक्षा कॅमेऱ्यासमोर होती. नजर पडद्यावरून हलवायची नाही, जागेवरून उठायचं नाही, खोलीत दुसऱ्याचा आवाज आला तर पेपर रद्द होऊ शकतो, असं आधीच बजावलेलं होतं. तिने काकांना जेवू घातलं, न्हाणीघरात नेऊन आणलं, खुर्चीत उशा लावून बसवलं, पाण्याचं भांडं हाताशी ठेवलं.

"काका, आज तेवढं बोलायचं नाही हं. मी इथंच आहे, दाराच्या पलीकडे. पण बोलायचं नाही."

"अगं, तोंडाला कुलूप घातलं बघ," काका म्हणाले आणि ओठांवर बोट फिरवून त्यांनी खरोखरच कुलूप लावलं.

पेपर बरा चालला होता. भीती वाटत होती तसं काही नव्हतं. सरांचा आवाज कानात होता आणि त्याहून जास्त काकांच्या बसगाड्या. अर्धा पेपर झाला असेल-नसेल, तोच आतून हाक आली.

"पोरी..."

तिला ती ऐकू आली. पण नजर तिने हलू दिली नाही. पाणी हवं असेल, तिने मनाशी म्हटलं. पाणी तर हाताशीच आहे. मिठाचं द्रावण पातळ करायचं गणित समोर होतं आणि आकडे जुळत आले होते.

"पोरी, अगं..." दुसरी हाक हळू होती, जवळजवळ कुजबुजल्यासारखी. कॅमेऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून मारल्यासारखी. तिचा खांदा हलला.

एवढं गणित झालं की उठते, ती मनात म्हणाली. गणित झालं. पुढचा प्रश्न सोपा निघाला, म्हणून तोही केला. त्याच्या पुढचाही. आत सगळं शांत होतं. झोपले असतील, असं तिला वाटलं. खरं म्हणजे तिने तसं वाटून घेतलं. शेवटचा प्रश्न पडद्यावर आला आणि त्याच वेळी आतून आधी वॉकर फरशीवर आपटल्याचा आवाज आला आणि मागोमाग दुसरा, जड, मऊ.

काय झालं ते तिला कळलं. त्याच क्षणी कळलं. आणि कळल्यावर तिने शेवटच्या प्रश्नाच्या बरोबर उत्तरावर खूण केली, पेपर पाठवायचं बटण दाबलं, आणि मग ती धावली.

काका न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडले होते. लेंगा ओला झाला होता. चेहरा पांढराफटक, पण तिला पाहताच पहिला शब्द निघाला तो असा: "आधी हे बदल गं. रुग्णवाहिकेतल्या लोकांसमोर असा नको."

खुब्याचं हाड मोडलं होतं. लेक कचेरीतून तशीच दवाखान्यात आली, तोंडावरचा घाम न पुसता. "झालं कसं?" तिने विचारलं. नर्सबाईने तोंड उघडलं, पण खाटेवरून काकाच बोलले, "मीच उठलो. हिनं उठू नका म्हणून बजावलं होतं. म्हातारचळ, दुसरं काय!"

लेकीने बापावर डोळे वटारले आणि नर्सबाईचा हात हातात घेतला. "तुम्ही होतात म्हणून बरं. नाहीतर संध्याकाळपर्यंत तसेच पडून राहिले असते."

तो हात सोडवून घ्यावा की राहू द्यावा हे तिला कळेना. तिने राहू दिला.

ऑपरेशन झालं, काका घरी आले, पण चालणं संपलं ते संपलंच. खाट खिडकीशी लावली. बडबड कमी झाली. दुपारी टक लावून बाहेर बघत राहायचे. ती पूर्वीपेक्षा दुप्पट काम करायची. चादर दिवसातून दोनदा बदलायची, न सांगता रविवारीही यायची. भावजय म्हणाली, "पगार वाढवलाय का गं?" तिने ताट पुढे ओढलं. हाक न ऐकल्याचं तिने स्वतःला कसंबसं समजावलं असतं. माणसाचं लक्ष नसतं कधीकधी. पण आवाज झाल्यावर दाबलेलं ते बटण कुठल्याच हिशेबात बसत नव्हतं. घास घेताना, केस विंचरताना, मध्येच ते बोटाच्या टोकाशी यायचं.

एके दिवशी अंग पुसता पुसता तिने विचारलंच. "काका, तुम्ही पुन्हा हाक का नाही मारलीत?"

काकांनी नजर खिडकीकडे वळवली. मग म्हणाले, "दुसऱ्या हाकेला तुझा खांदा हलला, ते दिसलं मला दारातून. म्हटलं, ऐकलंय पोरीनं. आता तिसरी मारली तर ती उठेल, आणि पेपर जाईल." ते थोडं हसले. "जन्मभर माझ्या पाठीशी पाटी होती, चालकाशी बोलू नये. लोक बोलायचेच. मला फार राग यायचा."

तिने टॉवेल पिळला. पाणी केव्हाच निघून गेलं होतं तरी ती पिळत राहिली.

"झालीस ना पास?" त्यांनी विचारलं.

"निकाल यायचाय."

निकाल आला तो चांगलाच आला. शेवटचा प्रश्नही बरोबर होता. नर्सिंगला प्रवेश नक्की झाला. त्या संध्याकाळी लेक घरी आली ती एक छोटी डबी घेऊनच. आत मनगटी घड्याळ होतं, ठसठशीत सेकंदकाट्याचं. "नाडी मोजायला लागतं म्हणे. बाबांनी आणायला लावलं. आमच्या घरात बसून पास झालात, आम्हालाही मिरवू द्या की जरा."

ती डबीकडे बघत उभी राहिली. मग तिने ती टेबलावर ठेवली आणि बोलायला सुरुवात केली. दोन हाका सांगितल्या. मग बटण सांगितलं. रडायचं नाही असं ठरवलं होतं, आणि रडली नाही. रडले तर ताईंनाच माझी समजूत काढावी लागेल, एवढं तिला कळत होतं.

लेक खुर्चीत बसली. पर्स अजून खांद्यालाच होती.

"पडल्याचा आवाज आल्यावर?" तिने विचारलं.

"हो."

"आणि बाबांना माहीत आहे?"

"हाकांचं माहीत आहे. बटणाचं नाही."

"त्यांना सांगू नका." लेकीचा आवाज अगदी सपाट होता. "तुमच्यासाठी म्हणून नाही म्हणत. ते मिरवतात तुम्हाला सगळ्यांपुढे. तेवढं तरी राहू दे त्यांच्याकडे." मग पर्स खांद्यावरून उतरवून ती म्हणाली, "उद्यापासून येऊ नका. मी कोणीतरी बघेन."

"बरं, ताई."

ती पिशवी उचलून दाराशी गेली. चपला घातल्या. तेव्हा मागून लेक म्हणाली, "थांबा." ती उठून उभी होती, नजर जमिनीवर. "त्यांना कुशीवर वळवायची वेळ झालीय ना? मला येत नाही. एकदा दाखवून जा."

तिने चपला काढल्या, हात धुतले. दोघी आत गेल्या. काका अर्धवट झोपेत होते.

"एक हात खांद्याखाली," ती हलक्या आवाजात म्हणाली. "दुसरा कमरेखाली, खूप आत. ओढायचं नाही. पायांच्या मध्ये उशी आधी ठेवा, म्हणजे दुखऱ्या पायावर ताण येत नाही."

लेकीने हात घातले. जागा चुकत होती. तेव्हा तिने आपला हात त्या हाताखाली सरकवला आणि तो हवा तिथे नेऊन टेकवला. लेकीने हात मागे घेतला नाही, तिच्याकडे पाहिलंही नाही.

"आता दोघींनी बरोबर," ती म्हणाली.

आणि काकांचं हलकं झालेलं अंग दोघींच्या हातांवर सावकाश खिडकीकडे वळलं.