हिरवट-निळा भोपळा

अमेरिकेच्या उत्तरेला, डुलुथमध्ये, हॅलोवीनचं सोंग एक माप मोठंच करावं लागतं, कारण आत थंडीचं जाकीट मावायला हवं. यंदा माझ्या मुलीला, ब्रिनला, टपालपेटी व्हायचं होतं. मी खोक्याला निळा रंग दिला, पुढे फट ठेवली आणि आतून उशीचा अभ्रा लावला. आम्ही दारोदार फिरणार आणि लोक खाऊ फटीतून टाकणार. आत काय पडतंय ते मला दिसणार नाही, हे लक्षात आलं तेव्हा रंग वाळलाही होता.

ब्रिन सहा वर्षांची आहे. तिला शेंगदाणा चालत नाही. दोन वर्षांपूर्वी एका बिस्किटाने तिचा गळा सुजला होता आणि आम्ही ॲम्ब्युलन्समधून गेलो होतो. तेव्हापासून अशा वेळी लगेच टोचायचं इंजेक्शनचं पेन माझ्या खिशात असतं. आमच्या भागात अशा मुलांसाठी काही जण दारात हिरवट-निळा भोपळा ठेवतात. तिथे खाऊ नाही, स्टिकर किंवा पेन्सिल मिळते. म्हणून मी नियम केला होता: निळ्या भोपळ्याच्या घरचं लगेच उघडायचं, बाकी सगळं घरी आणून मला दाखवायचं.

साडेसहाला आम्ही मिस्टर हॉकन्सन यांच्या घरापाशी आलो. ते उन्हाळ्यात इथे राहायला आले होते, एकटेच. पायरीवर निळा भोपळा बघून मला बरं वाटलं.

"मम्मी, तू इथेच थांब हं. टपालपेटीबरोबर तिची आई असते का?"

मी फुटपाथवर थांबले. हॉकन्सननी तिच्या हातातच काहीतरी दिलं. ब्रिन वळली आणि पायऱ्या उतरता उतरता तिने दातांनी हातमोजा ओढला. मग कागद फाडला. दिव्याखाली नारिंगी कागद चमकला. पेन्सिलीला असा कागद नसतो.

मी धावले आणि तिच्या हातातलं हिसकावून घेतलं. शेंगदाण्याचं चॉकलेट.

"खाल्लंस का? तोंडाला लावलंस?"

"नाही! पण निळा भोपळा आहे ना! तूच म्हणालीस."

मी ओल्या रुमालाने तिचे हात पुसले आणि टॉर्चच्या उजेडात ओठ पाहिले. दुसरा हात खिशातल्या पेनवर होता.

"काय झालं हो?" हॉकन्सन सपातांवरच खाली आले. "पडली का?"

"तुम्ही भोपळा निळा का रंगवला?" माझा आवाज चढला होता.

"बोटीचा रंग उरला होता. वाया कशाला घालवायचा?"

मी निळ्या भोपळ्याचा अर्थ सांगितला. ते पायरीवर बसलेच. "अरे देवा. माझं आधीचं घर जंगलात होतं हो, हॅलोवीनला दार वाजवायला फक्त अस्वल यायचं. आणखी कोणाला दिलं असतं तर?"

"आधी कोण आलं होतं?"

"कोणी नाही. हीच पहिली."

त्यांनी भोपळा उचलून आत नेला. येताना दोन लाल-पांढरे गोळे आणले. मासे पकडायच्या गळाचे तरंगे.

"हे चालतील का, पोस्टमास्तरीणबाई?"

"मी टपालपेटी आहे," ब्रिन म्हणाली. "यात शेंगदाणे आहेत?"

"एकसुद्धा नाही. टोकदार आकडेही काढलेत."

आकडे नाहीत ना, ते मी तरीही चाचपून पाहिलं. त्यांनी तोंड वाकडं केलं नाही. दहा मिनिटं आम्ही त्यांच्या पायरीवर बसून राहिलो. ब्रिनचे ओठ जसेच्या तसे होते, फक्त कंटाळल्यामुळे पुढे आलेले.

"आता चल ना!"

पुढचं घर डेलाचं. माझी जुनी मैत्रीण, तिच्या दारात गेली चार वर्षं निळा भोपळा असतो. ब्रिन पायऱ्या चढली, मी या वेळी तिच्या मागेच होते. डेलाने स्टिकर पुढे केला.

"थांबा," ब्रिन म्हणाली. "हा भोपळा खरा आहे की बोटीचा रंग उरला होता?"

डेलाने माझ्याकडे पाहिलं. एरवी मी ब्रिनला म्हटलं असतं, मोठ्यांना असं विचारू नये.

"सांग तिला," मी म्हणाले.