न दिलेला उंट

उंटाकडे गेलेला हात ताईने झटकन मागे घेतला. सोंगटीला बोट लागलं की तीच हलवावी लागते, बुद्धिबळाच्या स्पर्धेत तिथे कुणाची गयावया चालत नाही.

समोर दातांचे डॉक्टर बसले होते. तिच्या धाकट्या भावाला त्यांनी दर स्पर्धेत हरवलं होतं. शेवटच्या आजारपणात अंथरुणावर पट मांडून त्याने डॉक्टरांच्या नेहमीच्या सुरुवातीवर एक नवी चाल शोधली. राजापुढच्या प्याद्यावर उंट घालायचा. राजाने उंट मारला, की घोडा आणि वजीर मिळून मात.

"ताई, डॉक्टरांचे दात त्यांच्याच घशात घालायचे," तो म्हणाला होता. "मी नसलो तर तू घाल."

"गप रे, काहीतरीच बोलतोस!" ती ओरडली होती. पण शब्द देऊन बसली होती.

आज शेवटच्या फेरीत डॉक्टर नेमके त्याच वाटेने आले. घरी दोघं मांडायचे तसाच पट समोर उभा राहिला. ताईने उंटाकडे हात नेला, आणि तेवढ्यात तिला दिसलं. राजाने उंट मारलाच नाही तर? नुसता कोपऱ्यात सरकला तर? उंट आत अडकतो, सगळं मुसळ केरात. अरे वेड्या, एवढं कसं नाही पाहिलंस! आणि मी तरी रोज शेजारी बसून काय करत होते?

घड्याळ पळत होतं. खेळली तर त्याची चाल चारचौघांत खोटी ठरणार, नाही खेळली तर शब्द मोडणार. तिला रडूच आलं. पदराने नाक पुसून तिने एक साधं प्यादं पुढे सरकवलं.

डाव बरोबरीत सुटला. हात मिळवल्यावर डॉक्टरांनी सोंगट्या पुन्हा त्याच जागी मांडल्या. डाव संपला की सगळेच असं चुकलंमाकलं बघत बसतात.

"इथे उंट दिला असता तर?" त्यांनी विचारलं. "मला त्याचीच धास्ती होती."

"मला सुचलं नाही."

"तुमच्या भावाला सुचलं असतं."

बोलता बोलता डॉक्टरांचं बोट राजाशेजारच्या, कोपऱ्यातल्या रिकाम्या घरावर टेकलं. राजा सरकला असता ते हेच घर. बोट तिथे जरा वेळ राहिलं, मग डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं आणि ते उचललं.

"हरलो असतो मी त्याच्याशी," ते म्हणाले, आणि आधी आपला राजाच डब्यात ठेवला.