रांगेतलं एकच पत्र

वडिलांना जाऊन एकोणीस दिवस झाले होते आणि त्यांचं शेवटचं पत्र अजून छपाईच्या रांगेत उभं होतं. एकटंच. पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही.

लेकीनं संगणकाच्या पडद्यावर पुन्हा पुन्हा पाहिलं. वडिलांचं खातं, तारीख, वेळ दहा वाजून सहा मिनिटं. साडेदहाला ते याच खुर्चीत कलंडले होते.

"तुलाच लिहीत होते," आई दारातून म्हणाली. "मी म्हटलं, फोन करा की! तर म्हणे, फोनवर ती नुसतं येते-येते करते. कागद तरी पोचेल."

लेकीनं खुर्ची पुढे ओढली.

वडील म्हणजे जन्मभर छापखान्यात शिशाचे खिळे, एकेका अक्षराचे ठसे, जुळवलेला माणूस. छापखाना मिटल्यावर तिनंच ऑफिसातला एक टाकाऊ संगणक आणून त्यावर तो चालवणारी युनिक्सच्या घराण्यातली प्रणाली बसवली, सुयांनी टकटक छापणारा जुना प्रिंटर जोडून दिला. वडील लिहीत आणि तडक छापायला सोडत. लिहिलेलं संगणकात जपून ठेवणं त्यांच्या गावीच नव्हतं. "पडद्यावर ते पाणी, कागदावर ती वाणी," म्हणायचे.

गेल्या वर्षी घर आवरताना ती सहज बोलून गेली, "आता ते खिळे भंगारात घाला हो बाबा. किती दिवस शिसं उरावर बाळगायचं?" वडील रागावले नाहीत, हसलेही नाहीत. त्यानंतर फोनवर त्यांचं एकच वाक्य उरलं. "छपाई बंद पडलीय गं टिंबू, येऊन बघ." टिंबाएवढी जन्मली म्हणून टिंबू. तीनदा म्हणाले. तीनदा ती "येते" म्हणाली.

बाबांच्या मनातून आपलं ते बोलणं गेलं होतं का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. त्याचं उत्तर त्या रांगेत होतं.

ती कामाला लागली. छपाईची सेवाच झोपलेली होती, तिला उठवलं. मग प्रिंटरच्या वाटेवर परवानगी नाही म्हणून अडवणूक, ती परवानगी दिली. मग रांगच थांबवलेली निघाली, ती मोकळी केली. प्रिंटर गुरगुरला आणि पुन्हा गप्प. मजकुराला कागदाच्या घडणीत बसवणारी जी आज्ञावलीची गाळणी मध्ये असते, ती दर खेपेला मोडून पडत होती. संगणकाच्या नोंदवहीत चुकांच्या ओळीमागून ओळी साचत होत्या.

"तुझा बाप आणि हे यंत्र," आई म्हणाली, "दोघांनाही ऐकायचं ठाऊक नव्हतं. चहा गार होतोय."

"ठेव गं तिथंच."

एक आज्ञा दिली असती तर पत्र पडद्यावर उघडलं असतं. हात कळफलकापर्यंत गेलाही. पण त्यांनी ते कागदासाठी लिहिलं होतं. मधल्या वाटेवर वाचणं म्हणजे पाकीट वाफेवर धरण्यासारखं. तिनं हात मागे घेतला.

आणि मग ऑफिसात घाईच्या वेळी करायची तेच केलं. गाळणी काढून टाकली. जाऊ दे कच्चंच, एकदा चालू तर होऊ दे.

प्रिंटर चालू झाला. टकटक, टकटक, घरभर तो आवाज. आई पदरानं हात पुसत धावत आली. "अगंबाई, तेच बसलेत असं वाटलं बघ!"

कागद सरकत वर आला. पहिली ओळ: चि. टिंबू. दुसरी तिच्या शेवटापासून सुरू, एक पायरी खाली: तू खिळे भंगारात घाला म्हणालीस. तिसरी आणखी उजवीकडे, आणखी खाली: त्याबद्दल माझ्या मनात. तिथे कागदाची उजवी कड आली. पुढच्या ओळी कडेबाहेर उतरत गेल्या. सुया आपटत राहिल्या, उमटलं काही नाही. पाऊण पान कोरं.

तिला कळायला क्षण लागला नाही. प्रिंटरला दोन गोष्टी सांगाव्या लागतात. खाली उतर, आणि डाव्या कडेला परत ये. प्रणाली पहिलीच सांगते. परत ये, हे गाळणी सांगते.

तिनं रांग पाहिली. रिकामी. डिस्कवरची पत्राची जागा पाहिली. रिकामी. डिस्क लहान म्हणून छापून झालं की पुसून टाक, ही आज्ञा संगणक बसवताना तिनंच लिहिली होती. पुसलेलं उकरायची अवजारं तिनं तासभर चालवली. त्या जागेवर तोवर नोंदवहीच्या नव्या ओळी बसल्या होत्या.

पुढे हातच आपले आपण चालले. गाळणीची मोडलेली बाजू सापडली, दहा मिनिटांत नीट झाली. चाचणीचं पान सोडलं, यंत्रातला ठरलेला मजकूर. ते सरळ आलं. प्रत्येक ओळ डाव्या कडेशी इमानानं परतलेली, काळीभोर, भरगच्च.

ती ओंजळीत तोंड घालून बसली. आईनं ते पान अलगद फाडून घेतलं, चष्म्याविना डोळ्यांशी धरलं, मग छातीशी.

"भरभरून लिहिलंय की गं. मला वाटलं होतं, दोन ओळींत उरकतील." तिनं पान लेकीसमोर धरलं. "वाच ना. मोठ्यानं वाच."