छपरावरचे चार दिवे

सोवेतबेकने डॅशबोर्डला चौथं भोक पाडलं आणि फुंकर मारून त्यातला कीस उडवला. शेजारच्या सीटवर वायरींची वेटोळी, चार रिले, फ्यूजची पेटी आणि जुन्या विमानातून काढलेले चार लोखंडी स्विच मांडले होते. भंगारबाजारातून त्याने ते हट्टाने शोधून आणले होते. इथल्या थंडीत प्लॅस्टिकच्या स्विचांचं काही खरं नसतं.

"भोकं खेटून पाडू नकोस," असानालीने बाहेरून बजावलं. "हातमोजा घातला तरी कुठला कुठला ते बोटाला कळलं पाहिजे."

"आके, नुसते चार दिवे आहेत. तुम्हाला काय विमान उडवायचंय?"

"तू वायरी जोड. अक्कल मी जोडतो."

असानाली, सगळ्या गावाचा आके म्हणजे थोरला भाऊ, तेवीस वर्षं दवाखान्याची गाडी चालवत होता. खिंडीपलीकडच्या रुग्णालयात न्यायला गावाकडे तेवढी एकच गाडी. कंपनीच्या दिव्यांवर त्याने इतकी वर्षं काढली होती, आणि आता छपरावर त्याला आणखी चार हवे होते. का, ते कुणी विचारलं नाही. काल त्याने सोवेतबेकला चहा ओतून दिला तेव्हा अर्धा वाटीत पडला, अर्धा जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर. घरातल्या कुणी मान वर केली नाही. वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर "आता पुरे" म्हणायची या गावात रीत नाही. त्यामुळे गाव दिवे बसवत होतं.

सोवेतबेकही त्यातलाच. त्याच्या बायकोला, ऐनागुलला, नववा महिना लागला होता, आणि बर्फ पडायच्या आत तिला याच गाडीतून खिंड ओलांडायची होती. तरी तो मुकाट्याने स्क्रू पिळत राहिला.

दवाखाना सांभाळणारी झूराकान औषधांची पिशवी ठेवायला आली आणि पुढच्या दारापाशी रेंगाळली.

"आके, चाळीस किलोमीटर तरी मला चालवू द्या. वसंतात काढलेल्या माझ्या लायसन्सचं मी करू काय?"

"फ्रेम करून भिंतीला लाव. पाहुणे बघतील."

ती हसली, पण हसू तिच्या चेहऱ्यावर टिकलं नाही.

सूर्य डोंगराआड गेला तेव्हा काम आटोपलं. असानाली चाकामागे बसला, झूराकान शेजारी. दिव्यांचे कोन बघायला सोवेतबेक रस्त्यावर चाळीस पावलं पुढे गेला आणि वळून उभा राहिला. एकामागून एक चार रिले टिकटिकले. रस्ता पांढरा फटक झाला. कडेचा खडा न् खडा दिसू लागला. सोवेतबेकने दोन्ही हात वर केले.

"आके, उजवीकडचा जरा खाली घेऊ का?"

"आधी समोर तर ये!" असानाली खिडकीतून ओरडला. "कुठे कडेला जाऊन उभा राहिलास?"

सोवेतबेक रस्त्याच्या मधोमध उभा होता. तोंडातून निघणारी वाफदेखील उजेडात लखलखत होती. दोन पावलं इकडेतिकडे करून 'हा काय, आलो' म्हटलं असतं तर वेळ निभावली असती. त्याला ऐनागुल आठवली. त्याने हात खाली घेतले.

"समोरच आहे, आके," तो म्हणाला. "मधोमध."

झूराकान पिशवीचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिली. इंजिन तेवढं घरघरत होतं. मग छपरावरचा एक दिवा विझला. दुसरा विझला. शेवटच्या स्विचवर असानालीचं बोट बराच वेळ होतं.

तो इंजिन बंद करून उतरला आणि पत्र्यावर हात टेकत गाडीला वळसा घालून पलीकडे झूराकानच्या दारापाशी आला. उजेड पाहून शेजारची बातमा-अपा ताटलीत कणकेचे तळलेले गरम बोरसोक घेऊन पोचली होती.

"नवी वस्तू बघायला रिकाम्या हातानं कसं यायचं?" ती म्हणाली. "घ्या, हे माझं कोरुमदुक, पहिल्यांदा बघितल्याची भेट. काय झगमगाट केलास रे, असानाली! माझ्या गाईनं सुद्धा मान वर केली."

असानालीने एक बोरसोक उचलला आणि न खाता दुसऱ्या हातात घेतला. खिशातून गाडीची किल्ली काढून त्याने झूराकानचा हात चाचपला, आणि किल्ली तिच्या तळव्यावर ठेवली.

"हे काय, आके?"

"नवा ड्रायव्हर पहिल्यांदाच बघतोय," तो म्हणाला. "कोरुमदुक नको द्यायला?"

सोवेतबेकच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने ते पुसलं नाही.

झूराकान चाकामागे जाऊन बसली. तिचे पाय पेडलपर्यंत पोचेनात. सीट तेवीस वर्षांत कुणी हलवली नव्हती, रुळांवर गंज चढला होता. असानालीने बोरसोक तोंडात धरला, दोन्ही हात सीटला लावले आणि सोवेतबेकला म्हणाला, "बघतोस काय? ढकल."